शहराचा पन्नासावा

वाचता येत नव्हतं तोवर ठसेकाकांच्या हातून अक्षराची एकही चूक झाली नव्हती.

उभी हयात त्यांनी पोलादावर अक्षरं कोरली. नाणी, पदकं, बिल्ले, कुलपांवरचे शिक्के, कुणाच्या साठीचे चांदीचे तुकडे, सगळ्यांचे ठसे त्यांच्या कोरणीखालून गेले. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते धातूवर सुलटं उठतं. काकांना उलटं काय नि सुलटं काय, दोन्ही सारखंच. समोर कागद असायचा, कागदावर वळणं असायची, ती आरशात बघून जशीच्या तशी उतरवायची. 'क' म्हणजे एक काठी आणि तिला दोन बाजूंना दोन कान. 'ठ' म्हणजे दांडीला टांगलेली बांगडी. त्या काठ्या-बांगड्यांचा मिळून काही अर्थ होतो आणि लोक तो वाचून खूश होतात, हे त्यांना ठाऊक होतं. पाकिटात काहीतरी आहे हे पोस्टमनला ठाऊक असतं, तितपत.

मग उतारवयात त्यांना अक्षरं आली आणि सगळा घोळ झाला.

शिकवलं बायकोनं. ती शाळेत शिक्षिका होती. दिवसभर दुसऱ्यांची पोरं शिकवून आल्यावर घरी नवऱ्याला शिकवणं तिच्या जिवावर यायचं. पण निवृत्त झाली, समोर एकही वर्ग उरला नाही, तेव्हा तिची नजर काकांवर पडली. संध्याकाळी दोघं शहरातल्या मोठ्या बागेत फिरायला जायची. तिथल्या पाट्या हेच काकांचं पहिलं पुस्तक. 'फुले तोडू नयेत.' 'हिरवळीवर चालू नये.' 'कारंज्यात पाय बुडवू नयेत.' त्यामुळे काकांचं सुरुवातीचं शिक्षण सगळं 'नये'चं झालं. वर आणखी पंचाईत अशी, की अक्षरं ओळखीची होती, पण दुसऱ्या बाजूनं. सुलटा 'त' दिसला की त्यांना वाटायचं, हा माझ्याकडे पाठ करून का उभा आहे?

पण शिकले. आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले. वाण्याच्या पाटीतली वेलांटी त्यांनी वाण्याला दाखवली. न्हाव्याच्या आरशावरचा ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी न्हाव्याला दाखवला, तोही कात्री त्याच्या हातात असताना. पुढचे पंधरा दिवस काकांच्या डाव्या कानावरचे केस उजव्यापेक्षा आखूड होते. तरी शिकलेल्या माणसाला अशा किमती मोजाव्याच लागतात, असं ते टोपी सारखी करत म्हणाले.

कारखाना मूळचा त्यांच्या मेहुण्याचा, आता भाचीचा. भाची हुशार, बोलायला रोखठोक. मामांवर तिचा जीव होता, पण जीव वेगळा आणि जागा वेगळी, हे तिला कळत होतं. एके दिवशी तिनं त्यांच्या टेबलावर एक जाड कागद ठेवला आणि स्वतः स्टूल ओढून बसली. भाची स्टूल ओढून बसली की बातमी वाईट असते.

"मामा, स्पष्ट बोलते. पुढच्या महिन्यात कोरायचं मशीन येतंय. ते मावेल अशी एकच जागा आहे, ही खिडकीपाशी."

"इथं तर मी बसतो."

"म्हणून तर सांगतेय. आता नीट ऐका. मोठ्या बागेला पन्नास वर्षं होताहेत. तिथल्या साहेबांना चांदीचं नाणं काढायचंय, आणि ठसा हातानं कोरलेलाच हवाय. हे नाणं त्यांच्या मनात भरलं तर दरवर्षीच्या फुलांच्या प्रदर्शनाची पदकं आपल्याकडे, तीही हातानं. मग मी मशीनसाठी मागची भिंत पाडीन, पण तुमचं टेबल हलवणार नाही."

"आणि नाही भरलं तर?"

"तर तुमचं टेबल मोरीशेजारी."

मोरीशेजारी उजेड नव्हता. कोरणाऱ्याला उजेड नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे दिवसभर घरी, बायकोच्या वर्गात, एकुलता एक विद्यार्थी. काकांनी कागद जवळ ओढला.

"मनात नाही भरलं तर नाव बदलीन," ते म्हणाले.

कागदावर मोठा गोल होता. गोलात बागेतलं ते जुनं पसरलेलं झाड, झाडाखाली बाक. वर कमानीत 'सार्वजनिक उद्यान'. झाडाच्या बुंध्याशी '५० वर्षे'. आणि खालच्या कमानीत 'शहराचा विसावा'.

काकांनी भिंग लावून एकेक अक्षर वाचलं. वाचता येतं म्हटल्यावर न वाचून कसं चालेल? वरची कमान वाचली, ठीक. बुंधा वाचला, ठीक. खालची कमान वाचली आणि त्यांच्या भुवया टोपीत शिरल्या.

विसावा!

बायकोनं मागच्याच महिन्यात हा धडा घेतला होता. पहिला, दुसरा, तिसरा, दहावा, विसावा, तिसावा, चाळिसावा, पन्नासावा. काकांचा तो धडा पाठ होता. आणि इथं बघावं तर मधे पन्नास आणि खाली विसावा! एवढा मोठा अधिकारी, एवढं मोठं ऑफिस, आणि पन्नासाला विसावा म्हणतात. काकांना त्या लोकांची मनापासून कीव आली. बिचारे. घाईत असतील.

भाचीला विचारलं असतं तर एका शब्दात काम झालं असतं. ती चार हातांवर, फोनवर बोलत उभी होती. पण विचारणं हे न शिकलेल्या माणसाचं लक्षण. शिवाय विचारलं तर चूक सापडल्याचं श्रेय निम्मं तिला गेलं असतं. त्यापेक्षा गपचूप दुरुस्त करावं, नाणी हातात पडल्यावर साहेबांनी आपण होऊन ओळखावं, आणि चारचौघांत म्हणावं, 'काका, तुम्ही आमची लाज राखलीत!' यावर काय बोलायचं तेही काकांनी ठरवून टाकलं: 'त्यात काय एवढं, साहेब. होतं माणसाच्या हातून.' वाक्य बायकोला न सांगता दोनदा घोकलंसुद्धा.

खरं तर 'शहराचा' हेही त्यांना खटकलं होतं. पन्नास वर्षं बागेला झाली, शहराला नव्हे, 'बागेचा' हवं. पण साहेबांच्या एकदम दोन चुका काढणं बरं दिसत नाही म्हणून तेवढी त्यांनी पोटात घातली.

मग काम सुरू झालं. झाड काकांनी असं कोरलं, की तसं झाड त्यांनी जन्मात कोरलं नव्हतं. एकेक पान वेगळं, एखादं मुडपलेलं, एखादं उन्हाकडे वळलेलं. खरी अडचण आली खालच्या कमानीत. 'विसावा' तीन अक्षरांचा आटोपशीर शब्द. 'पन्नासावा' मोठ्या कुटुंबाचा. त्याला त्या जागेत बसवायचं म्हणजे गाडीत चौथ्या माणसाला 'जरा सरकून घ्या' म्हणण्यासारखं. 'श' आखडला, 'रा' चेपला, जोडाक्षराच्या पोटात कोरणी दोनदा अडली. काकांना घाम फुटला, पण सत्कार्यात घाम येणारच.

दुपारी बायको डबा घेऊन आली. बघते तर नवरा ठशावर ओणवा.

"अहो, सकाळपासून मान मोडून बसलात. जरा विसावा घ्या."

"विसावा नाही, पन्नासावा!" काका मान वर न करता म्हणाले.

"काय?"

"काही नाही. कामातलं आहे. तुला नाही कळायचं."

याला आपण वाचायला शिकवलं आणि आता याच्या कामातलं आपल्याला कळायचं नाही, हे ऐकून बायको डबा आपटून निघून गेली. काका मात्र कोरत राहिले. आता कुणी म्हणेल, कानावर पडलेला शब्द त्यांना कसा उमजला नाही? पण तसंच असतं. कानाचे शब्द माणूस लहानपणी आईकडून घेतो. डोळ्यांचे शब्द काकांनी साठीनंतर घेतलेले. दोन्ही एकाच घरात राहत होते, पण त्यांची अजून ओळख झाली नव्हती.

ठसा झाला. त्यावर मेण दाबून काकांनी नमुना काढला आणि भाचीपुढे धरला. तिनं भिंग लावलं.

"मामा! पानं काय आलीत हो! वारा सुटल्यासारखी वाटतात."

"अक्षरंही बघून घे."

"अक्षरांत तुम्ही कधी चुकलायत का?" असं म्हणून तिनं भिंग ठेवलं. खोटं नव्हतं तिचं. आजवरची साख होती.

ठसा तापवून, पाणी देऊन टणक केला, चांदीच्या चकत्या आल्या, प्रेस धडधडला आणि नाणी पडली. न्यायला उद्यानाचे अधीक्षक स्वतः आले, बरोबर बागेचा म्हातारा माळी. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि चेहऱ्यावर नम्रता. भाचीनं मखमलीची पेटी उघडली.

अधीक्षकांनी एक नाणं उचललं आणि त्यांचे डोळे चकाकले. "हे आमचं झाड! अरे, बघ, बघ, ती वाकडी फांदीसुद्धा आलीय!" माळी बघायला वाकला. अधीक्षक नाणं हळूहळू फिरवू लागले. वरची कमान. बुंधा. खालची कमान. तिथं ते थांबले. अंगठ्यानं नाणं पुसलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

गहिवरलेत, काकांना वाटलं. आता वेळ आली.

"त्यात काय एवढं, साहेब," ते हळुवारपणे म्हणाले. "होतं माणसाच्या हातून."

"कुणाच्या हातून?"

"तुमच्याच. पण मी कुणाला बोललो नाही."

अधीक्षकांनी भाचीकडे पाहिलं, भाचीनं मामांकडे, मामांनी माळ्याकडे, आणि माळ्यानं, दुसरं कुणी उरलं नाही म्हणून, पेटीकडे.

"शहराचा पन्नासावा," अधीक्षक सावकाश म्हणाले. "पन्नासावा काय, काका?"

"वाढदिवस."

"शहराचा?"

"बागेचा. ते 'शहराचा' तुमचं आहे. त्याला मी हात लावला नाही."

"साहेब, खड्डा असंल," माळी म्हणाला. "गेटासमोरचा. मी मोजत नाही, पण पन्नासावा असंल."

भाचीनं तोवर मूळ कागद काढून नाण्याशेजारी धरला होता. तिचा चेहरा चांदीपेक्षा पांढरा पडला. "मामा, इथं 'विसावा' लिहिलंय."

"तेच तर! मधे पन्नास आणि खाली विसावा. आहे का मेळ? विसावा म्हणजे एकोणिसाव्याच्या पुढचा."

मग अधीक्षक खुर्चीत बसले आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "काका, विसावा. माणूस दमतो. बाकावर टेकतो. श्वास टाकतो. तो विसावा. अहो, हा एक शब्द सुचायला मला अख्खा उन्हाळा लागला. आधी आमच्या कमिटीनं 'शहराचे फुफ्फुस' सुचवलं होतं. फुफ्फुसाशी भांडून भांडून मी हा शब्द आणला."

आणि मग तो शब्द काकांच्या कानातून निघाला आणि डोळ्यांपाशी पोहोचला. दोघांची एकदाची ओळख झाली. विसावा! हजार वेळा तोंडानं म्हटलेला शब्द. त्याच बागेत, त्याच बाकावर, 'चल, जरा विसावा घेऊ' असं बायकोला म्हणत त्यांनी बूड टेकलं होतं, आणि समोरची पाटी वाचायला घेतली होती. धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं. पण कारखान्याची जमीन सिमेंटची होती आणि मेहुण्यानं ती चांगली पक्की करून घेतली होती.

"चूक आमची," भाची म्हणाली. मामांकडे तिनं बघितलंही नाही, आणि तेच जास्त लागलं. "सोहळा परवा आहे ना? मशीन विकणाऱ्यांकडे नमुन्याचं मशीन आहे. उद्यापर्यंत त्यांच्याकडून नवा ठसा करून घेते."

"आणि हे झाड?" अधीक्षकांनी विचारलं.

"झाडासारखं झाड येईल."

अधीक्षकांनी नाण्यातल्या झाडावरून बोट फिरवलं. त्यांना झाडासारखं झाड नको होतं, हे त्या बोटावरून कळत होतं.

काकांना गप्प बसायचं होतं. आजच्या दिवसाचं पुरेसं बोलून झालं होतं. तरी तोंड उघडलं. "झाड वाचेल," ते म्हणाले.

"आता झाडालाही शिकवलं का?" माळी म्हणाला.

"तसं नव्हे. ठशात अक्षर खोल गेलेलं असतं, ते बुजवता येत नाही. पण त्याच ठशाखाली मऊ पोलाद दाबलं, की त्यावर सगळं वर उठून येतं. वर उठलेलं कानशीनं घासता येतं. मी केलेलं घासून टाकायचं, झाड तेवढं ठेवायचं. मग त्या पोलादाला पाणी द्यायचं आणि ते नव्या ठशात दाबायचं. झाड जसंच्या तसं, खालची कमान कोरी."

"आणि कोऱ्या कमानीत?" भाचीनं विचारलं.

काकांनी पेटीचं झाकण लावलं. कोऱ्या कमानीत काय होऊ शकतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"करा," शेवटी अधीक्षक म्हणाले. "पण पोरी, तू तिथंच बस."

ती बसली. नाणी भट्टीत गेली. चांदीचं बरं असतं, तिला कशाची लाज नसते. वितळली की पुन्हा कोरीकरकरीत. काकांना तिचा हेवा वाटला. 'पन्नासावा' घासताना कानस त्यांच्याच अंगावरून फिरत असल्यासारखी वाटत होती, पण हात हलला नाही आणि झाडाच्या एकाही पानाला धक्का लागला नाही.

मग भाचीनं कागद समोर ठेवला. "मामा, आता वाचायचं नाही. पूर्वीसारखं नुसतं उतरवायचं. काठ्या आणि बांगड्या."

काकांनी खूप प्रयत्न केला. पण एकदा आलेली अक्षरं जाता जात नाहीत. काठीकडे काठी म्हणून बघावं, तर ती 'वा' म्हणून हाक मारी. शेवटी भाचीनं एका पुठ्ठ्याला भोक पाडून कागदावर ठेवलं, म्हणजे एका वेळी एकच अक्षर दिसेल.

"हा 'वि' ना?" काका.

"हो."

"नक्की? तू वाच. पुन्हा वाच. आणि याच्या पुढे 'सा'?"

"मामा, पूर्वी तुम्ही एवढं विचारत नव्हता."

"पूर्वी मला येत नव्हतं."

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा. काकांना तेवढंही पुष्कळ झालं.

मेणाचा नमुना या वेळी बायकोला दाखवायचं ठरलं. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की भिंतीला धरून खाली बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे मी विसावा घ्या म्हणाले, तेव्हा तुम्ही माझा आकडा दुरुस्त करत होता?" मग तिनं नमुना हातात घेतला, वर्गात वाचतात तसा मोठ्यानं वाचला, आणि पाटीवर बरोबरची खूण करावी तशी बोटानं हवेत खूण केली.

सोहळा झाला. अधीक्षकांनी भाषणात एकच शब्द सोलून सोलून सांगितला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाणं हातोहात फिरलं. काका शेवटच्या रांगेत, माळ्याच्या आडोशाला बसले होते. माळ्यानं सगळ्या गावाला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आडोशाचा उपयोग नव्हता. येणारा-जाणारा 'काय काका, कितवा?' असं विचारत होता.

आठवड्यानं अधीक्षकांचा निरोप आला. पदकं तुमच्याकडेच. झाडं, फुलं, पाखरं, सगळी काकांच्या हातची. अक्षरं मात्र, कृपा करून, मशीनची.

भाचीनं खिडकीपाशी उभं राहून मापाचा टेप लावला, पुन्हा लावला, आणि सुताराला बोलावलं. मागची भिंत पाडली नाही. टेबल मोरीशेजारी गेलं नाही. सुतारानं टेबलाचे दोन तुकडे केले. अक्षरांच्या कोरण्या ठेवायची बाजू निघून गेली आणि तिथं मशीन येऊन बसलं. खिडकीचा अर्धा उजेड मशीनला, ज्याला उजेडाची गरज नव्हती, आणि अर्धा काकांना. काका कुरकुरले नाहीत. मोरीच्या मानानं अर्धी खिडकी म्हणजे राजवाडा, आणि राजवाड्यात शेजारी कोण बसतो ते विचारू नये.

पहिल्या दिवशी मशीन गुणगुणत अक्षरं कोरू लागलं. ना भिंग, ना घाम, ना मत. भाचीनं मामांपुढे पोलादाची नवी चकती ठेवली.

"मामा, आजपासून तुमच्याकडे फक्त पानं. बाकी सगळं मशीन बघेल."

काकांनी कोरणी उचलली. चकतीवर टेकवली. मग उचलून परत खाली ठेवली आणि चष्म्यावरून भाचीकडे बघितलं.

"पानं म्हणजे कुठली?"

"म्हणजे?"

"झाडाची की वहीची? आधी नीट सांग. मग हात लावतो."